शहरात लय पेते

माझ्या धाकट्या भावानं गाडी घेतली तोवर आमच्या गल्लीत चारचाकी नव्हती, आणि पहिली आली ती ही अशी. लालभडक, बुटकी, मागे डिकीवर पंख लावलेला, चाकं नको इतकी रुंद. मागच्या सीटवर बसलं की गुडघे हनुवटीला लागत. आत शिरताना आधी डोकं घालायचं की आधी पाय, हे आईला शेवटपर्यंत कळलं नाही. 'नाकापेक्षा मोती जड' ही म्हण मी शाळेत सातवीला शिकवत असे. आता तिचं उदाहरण अंगणात येऊन उभं राहिलं होतं.

तेव्हा दोन हजार सालाला चारेक वर्षं झाली होती. आम्ही चंद्रपुरात राहत होतो, आई, मी आणि तो. तो बल्लारपूरकडच्या कोळशाच्या खाणीत सुपरवायझर, मी एका शाळेत मराठीची बाई. ही गाडी डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच शंभराचा वेग घेते, असं तो ज्याला त्याला सांगे. चंद्रपुरात शंभरचा वेग कुठे घेणार? जटपुरा गेट गोंड राजांनी हत्ती जाईल एवढं बांधलं, त्यानंतर कोणी ते बोटभरही रुंद केलं नाही. त्या गेटातून ऑटो, सायकली, गाई आणि भाजीचे ठेले यांच्या मागोमाग आमची ही राणी पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत जायची आणि पेट्रोल गटागटा प्यायची.

आमच्याकडे गाडी किती पळते हे कोणी विचारत नाही. फाटकाशी थांबलेला प्रत्येक माणूस एकच विचारायचा, "अ‍ॅव्हरेज काय देते?" भाऊ छाती काढून म्हणायचा, "पंधरा." खरं होतं नऊ. मला ते सहन व्हायचं नाही. मी ओट्यावरून ओरडायचे, "कायचे पंधरा! शहरात लय पेते!" लोक हसायचे, तो लाल व्हायचा, आणि मला दिवसभर बरं वाटायचं. पुढे पुढे लोक त्याला सोडून मलाच विचारू लागले. हनुवटीनं गाडीकडे दाखवायचे आणि म्हणायचे, "काऊन बाई, पेते का जी?" मी म्हणायची, "लय पेते." आमच्या फाटकावरचा तो रामरामच झाला होता.

नऊचे पंधरा करून दाखवायचंच, असं त्यानं मनावर घेतलं. पंपावर टाकी काठोकाठ भरायची, बंपरवर पाय ठेवून गाडी हलवायची म्हणजे आतली हवा निघते, मग आणखी दोन घोट. ती टाकी संपेपर्यंत गाडी फक्त मूल रोडला न्यायची, उतारावर न्यूट्रल करायची आणि शहरात चाक घालायचं नाही. "शहरात नेली का अ‍ॅव्हरेज मरते" हे त्याचं पालुपद. मे महिन्याच्या सत्तेचाळीस डिग्रीत काचा लावून, एसी बंद ठेवून तो घामानं थबथबून घरी यायचा आणि आकडा सांगायचा.

त्याच मे महिन्यात आईला दवाखान्यात न्यायचं होतं. रक्तदाब वाढला होता. दवाखाना गेटाच्या पलीकडे. मी म्हटलं, गाडी काढ. तो पंख्याखाली पडून होता. म्हणाला, "ऑटोनं जा ना. या टाकीचं माप चालू हाये."

आम्ही ऑटोनं गेलो. गेटाशी एक ट्रक अडकला होता, पाऊण तास काही हललं नाही. ऑटोच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसत होता. आईनं आधी पाणी मागितलं, मग काही मागितलं नाही, मग तिचं डोकं माझ्या खांद्यावर पडलं. दोन दिवस तिला सलाईन लागलं. तिसऱ्या दिवशी तो दवाखान्यात आला, तिच्या उशाशी बसला आणि म्हणाला, "सोळा पडलं, आई."

आणि हाताला सुई टोचलेली ती बाई म्हणाली, "चांगलं झालं, बापू."

त्या क्षणी मला दोघांचाही राग आला, आणि खरं सांगायचं तर तिचा जास्त. मी दोन रात्री बाकड्यावर बसून काढल्या होत्या. मला कोणी चांगलं झालं म्हणालं नाही.

माझं वय तेव्हा छत्तीस. मला बघायला आलेले लोक पोहे खाऊन, चहा पिऊन, सावकाश पान लावून गेले होते. पुढे येणंही थांबलं. घराच्या किल्ल्या माझ्या कमरेला होत्या आणि त्या तिथेच राहाव्यात असं मला वाटे. हे मी कधी बोलून दाखवलं नाही, पण पुढचं समजायला ते माहीत असलेलं बरं.

पुढच्या वर्षी उन्हाळी धान कापून झाल्यावर भावासाठी एक स्थळ आलं. वैनगंगेच्या पलीकडचं, गडचिरोली जिल्ह्यातलं गाव. मुलगी आरोग्य उपकेंद्रात नर्स, बापाची धानाची शेती. बाप गावातल्या दारूबंदी समितीचा अध्यक्ष होता. त्या जिल्ह्यात दारूला बंदी, पण जंगलात मोहाची काढायचे ते काढतच. या माणसाचा धाकटा भाऊ तिच्यापायीच गेला होता. मधल्या माणसानं सांगितलं, त्यांची अट एकच, पेणारा नको. आम्ही निर्धास्त होतो. भावाला दारूच्या वासानंसुद्धा मळमळायचं.

मुलगी बघायला आम्ही त्या गाडीतूनच गेलो. गावात शिरताना बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांत गाडीचं पोट टेकलं. आम्ही मायलेकी उतरलो, गाव जमलं. कोणी म्हणालं, "उकिडवी बसली रे!" तेवढ्यात समोरच्या घरातून एक मुलगी आली. जिला बघायला आलो ती हीच. बघण्याच्या दिवशी मुलीनं आत बसायचं असतं, पण ही दोन फळ्या घेऊन बाहेर आली, चाकांखाली घातल्या आणि हातवारे करून म्हणाली, "हळू. डावीकडं. आता या." गाडी निघाली, निघताना खालून दगडाला खरवडली, करकर आवाज झाला. एरवी एवढ्या आवाजाला भावाचा जीव गेला असता. या वेळी त्यानं वाकून पाहिलंसुद्धा नाही. तो तिच्याकडे बघत होता. मला कळलं, हा गेला.

परतीच्या वाटेवर त्यानं न सांगता एसी लावला. सांगण्यासारखं पुढेच आहे. आठ दिवसांनी आईची दवाखान्याची तारीख होती तर यानं आपण होऊन गाडी काढली आणि तिला जटपुरा गेटातून, पहिल्या गिअरमध्ये, थंड हवेत बसवून नेलं. मापाचं नाव नाही, आकड्याचं नाव नाही. आई घरी येऊन गल्लीभर सांगत सुटली. माणूस सुधारला म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. मला वाटलं, आईचं डोकं माझ्या खांद्यावर पडलं तेव्हा जे झालं नाही, ते एका पोरीनं दोन फळ्या टाकून करून दाखवलं. तेव्हापासून ती पोरगी माझ्या डोळ्यांत सलू लागली.

पंधरा दिवसांनी मुलीचा बाप आला. एकटा, एसटीनं, न कळवता. पक्कं करण्याआधी असं अचानक येऊन घर पाहायची रीतच आहे. दुपारचे साडेतीन झाले होते. आई देवळात गेली होती. भाऊ रात्रपाळी करून पुढच्या खोलीत झोपला होता. अंगणात गाडी, गाडीमागे त्याची खिडकी, खिडकीत तो घोरतोय. मी पाहुण्यांना ओट्यावर खुर्ची दिली आणि चहा आणला. खुर्चीवरून गाडी आणि खिडकी एका रेषेत दिसत.

त्यांनी एक घोट घेतला आणि हनुवटीनं समोर दाखवलं.

"बाई, राग नोका मानू. इचाराची गोष्ट इचारलीच पाह्यजे. पेते का जी?"

हजार वेळा ऐकलेला प्रश्न, हजार वेळा दिलेलं उत्तर. मी पदराला हात पुसत म्हटलं, "पेते ना भाऊ. लय पेते."

त्यांचा कप तोंडाच्या वाटेत थांबला.

"लय म्हंजे? रोज?"

"रोजच. सकाळी टाकलं का संध्याकाळी खाली."

"इथी, शहरात?"

"शहरातच तं लय. बाहेरगावी नेलं का मंग जरासं कमी."

त्यांनी मान हलवली. आपल्या गावी सगळं ठीक कसं दिसलं, याचा त्यांना उलगडा झाला असावा.

"आईले मालूम हाये?"

"मालूम नसाले काय झालं? आईनंच तं पह्यल्या दिवशी हयदकुकू लावलं, नारळ फोडला."

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "अन् सुटाची काई आशा नाई?"

"कायची सुटते! त्यातच तं जीव हाये याचा."

ते उठले. हात जोडून म्हणाले, "सख्खी बहीण असून खरं बोलल्या तुमी. लोकं झाकतात." अर्धा चहा तसाच होता. अंगण ओलांडताना ते गाडीच्या अगदी कडेनं गेले, पण गाडीकडे त्यांनी पाहिलं नाही. तिच्याकडे न पाहता गेलेला तो पहिला माणूस. त्यांनी पाहिलं ते खिडकीकडे. तिथे माझा भाऊ तोंड उघडं टाकून झोपला होता.

फाटकाची कडी वाजली आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

मी मराठीची बाई. बारा-तेरा वर्षांत किती वह्या लाल केल्या असतील. आमची मुलं 'तो जाते', 'तो खाते' लिहायची आणि मी 'ते' खोडून 'तो' करायची. आमच्या बोलीत तोही पेते आणि तीही पेते, माणूसही पेते आणि गाडीही पेते. शाळेत बोलते तसं पुस्तकी बोलले असते, 'पिते' म्हणाले असते, तर त्या माणसानं तिथंच विचारलं असतं, ती कोण? पण घरच्या ओट्यावर कोण पुस्तकी बोलतं? जिनं आयुष्यभर लोकांचं लिंग-वचन सुधारलं, तिनं सख्ख्या भावाला एका क्रियापदात दारुडा केलं.

इथवर ती चूक होती.

त्यांची एसटी साडेचारची. बसस्टँड आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. घड्याळात चार वाजायला दहा कमी होते. चप्पल घालून निघाले असते तर नाक्यावरच गाठलं असतं. एकच वाक्य बोलायचं होतं, भाऊ, मी गाडीचं बोलले. दोघं हसलो असतो. लग्नात ती गोष्ट सगळ्यांना सांगितली असती.

मी कप धुतले. बशा धुतल्या. मग धुतलेले कप पुन्हा राखेनं घासले. ध चा मा करणारीलासुद्धा एक अक्षर बदलायचे कष्ट घ्यावे लागले होते. मला तेवढेही पडले नाहीत. साडेचार वाजले तेव्हा मी फडकं वाळत घालत होते, आणि मला हलकं वाटत होतं. वाईट वाटत होतं असं लिहायला आवडलं असतं.

आठ दिवसांनी मधल्या माणसानं निरोप आणला, त्यांचा विचार नाही. कारण सांगितलं नाही. दुसऱ्याच्या घरची बेअब्रू चारचौघांत कशाला करायची, असा तो सज्जन माणूस. त्याच्या सज्जनपणानं माझं झाकलं.

"काऊन नाई म्हणाले, ताई?" भाऊ मला विचारत राहिला. "काई बोलले का तुले?"

"गाडी पाहून भेले असतीन," मी म्हटलं. "दिखावा वाटला असंन त्याईले."

ते त्याला पटलं. आठवडाभर तो ओट्यावर बसून गाडीकडे नुसता बघायचा. मग एका रविवारी तो एकटाच तिकडे गेला. त्या दिवसांत पेट्रोलच्या काट्याकडे त्याचं लक्ष नसे. वैनगंगेच्या पुलाआधी पेट्रोल संपलं. ज्यानं थेंबाथेंबाचं माप ठेवलं त्याचं संपलं. एका मोटारसायकलवाल्याला थांबवून यानं त्याच्या टाकीत नळी घातली आणि तोंडानं ओढली. घोटभर पोटात गेलं. तोंडाला वास सुटला. अशा तोंडानं सासरी कसं जायचं म्हणून त्यानं टपरीवरून बडीशेप-विलायचीचं पान घेतलं, मग आणखी एक घेतलं, आणि चघळत चघळत त्यांच्या दारात उभा राहिला.

"ते जवळ आले," त्यानं मला घरी येऊन सांगितलं. "लय जवळ. तोंडापाशी तोंड आणलं. मले वाटलं गळ्याशी लावतात. मी हात पसरले, ताई. तं त्याईनं नुसता वास घेतला अन् म्हणाले, जा बापू, घरी जाऊन झोप. अन् दार लावलं. ती खिडकीत होती. पाहून राह्यली होती."

मी हसले. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. त्यालाही आधी हसू आलं, मग तो म्हणाला, "हासू नको ना, ताई." मी तरी थांबले नाही.

महिन्याभरात त्यानं गाडी विकली. अंगणात तेलाचा एक काळा डाग राहिला, तो मी सोडा टाकून घासला तरी गेला नाही. त्यानं मोटारसायकल घेतली. तिचं अ‍ॅव्हरेज साठ होतं, पण ते कोणाला सांगायचा नाही. पुढे कोणी स्थळाचं बोललं की उठून जायचा. आई पाच वर्षांनी गेली, तोवर तिला लागेल तिथे त्यानं नेलं. मग घरात आम्ही दोघंच उरलो. मी वाढायची, तो जेवायचा. किल्ल्या माझ्या कमरेला होत्या.

आई गेली त्याच वर्षी शिक्षकांच्या एका प्रशिक्षणाला मी गडचिरोलीला गेले होते. शेवटच्या दिवशी दुपारी तो मला घ्यायला आला. बसस्टँडसमोर चहा घेत होतो, आणि बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला ते बसले होते. मुलीचे वडील. केस पांढरे झाले होते. मी तोंड फिरवलं, पण त्यांनी ओळखलं.

"बाई! बऱ्या हा ना?" मग त्यांना भाऊ दिसला. ते उठले, त्याच्यापुढे आले आणि तोंडापाशी तोंड नेलं. भाऊ हलला नाही. त्याला आठवत होतं. त्यांनी श्वास घेतला, पुन्हा घेतला, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"सोडली?"

भावानं मोटारसायकलीकडे पाहिलं. "सोडली ना, भाऊ. तवाच सोडली. तुमच्याकडून आलो अन् म्हयन्याभरात."

"आधी सोडाची होती, बापू."

"आधी कोणी सांगतलं असतं तं आधीच सोडली असती, भाऊ. एका शब्दावर सोडली असती."

म्हाताऱ्याचे डोळे भरले. मी हातातला कप बाकड्यावर ठेवला. भावानं हळूच विचारलं, "त्या कशा हायेत?" ते जमिनीकडे बघून म्हणाले, "दिली सिरोंच्याकडं. हाये." बरी आहे असं म्हणाले नाहीत. मग माझ्याकडे वळून त्यांनी हात जोडले.

"पोट्टी म्हणत होती, बाबा, मले नाई वाटत. पन बाईनं सोताच्या तोंडानं सांगतलं होतं. सख्खी बहीण कायले खोटं सांगन?"

त्यांची बस लागली, ते गेले. भावानं मोटारसायकल सुरू केली. मी मागे बसले. शहर संपलं, शेतं लागली. वैनगंगेच्या पुलावर मधोमध त्यानं गाडी कडेला घेतली आणि बंद केली. खाली उथळ पाण्यात दोघं जण जाळं टाकत होते.

"काय सांगतलं होतं तू त्याईले?"

खोटं बोलायला मला कधी अडचण पडली नव्हती. त्या वेळी सुचलं नाही.

"लय पेते म्हणून."

"कोण?"

"गाडी."

"गाडी म्हणाली होती तू? गाडी?"

"नाई."

तो कठड्याला टेकून उभा राहिला. ओठ हलत होते. पेते, पेते, असं तो मनात म्हणून पाहत असावा. मग त्यानं स्वतःच्या तोंडावरून हात फिरवला, जसा पेट्रोल ओढल्यावर फिरवला असेल.

"कवा समजलं तुले?"

"तवाच. ते फाटकाच्या बाहेर पडले तवाच."

"एसटी कितीची होती?"

"साडेचारची."

"मंग?"

"मंग मी कप धुतले," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. किक मारली आणि मी बसेपर्यंत थांबला. उरलेले सत्तर किलोमीटर तो एकसारखा चाळीसच्या वेगानं गेला. त्या वेगाला अ‍ॅव्हरेज सगळ्यात चांगलं पडतं, हे मला त्यानंच कधीतरी सांगितलं होतं.